बारा बरोबऱ्या आणि एक पेनल्टी: देपोर्तिवो ला कोरुन्याचा १९९३-९४ चा हंगाम

स्पॅनिश फुटबॉल लीगच्या १९९३-९४ च्या गुणतालिकेतल्या वरच्या दोन ओळी आधी सावकाश वाचून घ्याव्यात. बार्सिलोना: ३८ सामने, २५ विजय, ६ बरोबऱ्या, ७ पराभव, ९१ गोल केले, ४२ खाल्ले, ५६ गुण. देपोर्तिवो ला कोरुन्या: ३८ सामने, २२ विजय, १२ बरोबऱ्या, ४ पराभव, ५४ गोल केले, १८ खाल्ले, गुण तेच, ५६.

विजेतेपद बार्सिलोनाला मिळालं. गुण सारखे झाले की त्या दोन संघांनी आपापसात खेळलेल्या सामन्यांचा हिशेब बघायचा, असा स्पेनचा नियम. आपल्या मैदानावर, रियाझोरवर, देपोर्तिवो १-० नं जिंकलं होतं; आपल्या कँप नोऊवर बार्सिलोना ३-० नं. बेरीज ३-१. कागदावर विषय एवढ्यात मिटतो.

पण या हंगामाची आठवण काढली की स्पेनमधला फुटबॉलवेडा माणूस गुणतालिकेकडे जातच नाही. तो थेट १४ मे १९९४ च्या रात्रीवर येतो. शेवटचा सामना, शेवटचं मिनिट, पेनल्टी, आणि ती मारायला निघालेला देपोर्तिवोचा मिरोस्लाव जुकिच. ती जाळ्यात गेली असती तर अटलांटिकच्या काठावरचं एक शहर पहिल्यांदाच विजेतं झालं असतं. ती गेली नाही. त्या एका फटक्याखाली अख्खा हंगाम गाडला गेलाय आणि सगळा भार एका माणसाच्या उजव्या पायावर येऊन पडलाय. मला हे तीस वर्षांनंतरही अन्यायाचं वाटतं, म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडून बघायचं आहे.

समुद्राकाठचा क्लब

ला कोरुन्या म्हणजे स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियात, तिन्ही बाजूंनी पाण्यात शिरलेलं शहर. वस्ती अडीच लाखांच्या आसपास. पाऊस भरपूर, वारा त्याहून जास्त. रोमनांच्या काळात बांधलेलं दीपगृह, हर्क्युलिसचा मनोरा, तिथे अजून उभं आहे आणि अजून जहाजांना वाट दाखवतं. क्लबचं स्टेडियम रियाझोर हे रियाझोरच्याच पुळणीला लागून. मधे फक्त रस्ता. माद्रिद किंवा बार्सिलोनाच्या मानानं हे सगळंच लहान, आणि फुटबॉलच्या नकाशावर तर फारच लहान होतं.

१९७३ मध्ये क्लब पहिल्या विभागातून खाली गेला आणि पुढची अठरा वर्षं वर आलाच नाही. १९८८ मध्ये तर तिसऱ्या पायरीवर घसरायची वेळ आली होती. सांतांदेरच्या रासिंगविरुद्ध शेवटच्या क्षणी विसेंतेनं गोल केला म्हणून क्लब तगला. कोरुन्याची जुनी माणसं त्या गोलाबद्दल अजून बोलतात. त्याच वर्षी ऑगुस्तो सेसार लेन्दोइरो अध्यक्ष झाले. १९९१ मध्ये मुर्सियाविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या वेळी स्टेडियमच्या छपरालाच आग लागली. खेळ थांबला, आग विझवली, आणि मग देपोर, म्हणजे देपोर्तिवो, २-० नं जिंकून पहिल्या विभागात आलं. पुढच्या वर्षी पुन्हा गटांगळ्या. बेतिसविरुद्ध जास्तीचे सामने खेळून जागा राखावी लागली.

अशा क्लबनं १९९२ च्या उन्हाळ्यात ब्राझीलहून दोन माणसं आणली. बेबेतो आणि मौरो सिल्वा. बेबेतोनं पहिल्याच हंगामात २९ गोल केले आणि लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. क्लब तिसरा आला. वर्तमानपत्रांनी नाव दिलं ‘सुपरदेपोर’. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीवर नाव होतं फेइराको, म्हणजे गॅलिसियातला शेतकऱ्यांचा सहकारी दूध संघ. मला हा तपशील फार जवळचा वाटतो. युरोपातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांशी दोन हात करणाऱ्या संघाच्या छातीवर गावोगावच्या गोठ्यांतून दूध गोळा करणाऱ्या संस्थेचं नाव.

अर्सेनियोंची व्यवस्था

प्रशिक्षक होते अर्सेनियो इग्लेसियास. जन्म १९३० चा, शहराला लागूनच असलेल्या आर्तेइशोचा. तरुणपणी याच क्लबकडून खेळलेले, नंतर अनेकदा याच क्लबचे प्रशिक्षक झालेले. क्लब बुडायला लागला की त्यांना बोलवायचं, असा जणू रिवाजच होता. गावातले लोक त्यांना ‘आर्तेइशोचा मांत्रिक’ म्हणायचे. स्वतः अर्सेनियो मात्र मंत्रातंत्राची भाषा करत नसत. त्यांचं सूत्र दोन शब्दांचं होतं: शिस्त आणि प्रतिभा. शिस्त आधी.

ही शिस्त मैदानावर कशी दिसायची ते नीट पाहण्यासारखं आहे. गोलपुढे लियान्यो. त्याच्यासमोर तीन मध्यबचावपटू, वोरो, जुकिच आणि रिबेरा. उजवीकडे लोपेस रेकार्ते, डावीकडे नान्दो. म्हणजे बचावात पाच माणसं. पण खरी किल्ली त्या पाचांच्या पुढे उभी असायची. मौरो सिल्वा. हा माणूस धावताना फारसा दिसायचाच नाही, कारण चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच पोचलेला असायचा. समोरच्यानं मधून वाट काढायची म्हटलं की मौरो आडवा. बाजूनं जायचं म्हटलं तर तिथे दोघे. आणि उंच चेंडू टाकला तर मध्यभागी तिघे. मधल्या फळीत दोनातोही होता, अतलेतिको माद्रिदहून त्याच वर्षी आलेला, जन्मानं ब्राझीलचा. चेंडू मिळाला की तो फ्रानकडे द्यायचा. फ्रान गॅलिसियाचाच पोरगा, डाव्या पायाचा, आणि संघातली बहुतेक सगळी कल्पकता त्याच्या त्या पायात होती. शेवटी पुढे बेबेतो.

३८ पैकी २६ सामन्यांत या संघावर एकही गोल झाला नाही. पूर्ण हंगामात फक्त १८. लियान्योला सर्वांत कमी गोल खाणाऱ्या गोलरक्षकाचा सामोरा चषक सलग दुसऱ्या वर्षी मिळाला. त्याच्या सरासरीची बरोबरी व्हायला २०१५-१६ उजाडावं लागलं. अतलेतिको माद्रिदच्या यान ओब्लाकनंही ३८ सामन्यांत १८ च गोल खाल्ले. मधल्या बावीस वर्षांत इतका बंदोबस्त कुणालाच जमला नाही.

आता दुसरी बाजू. बेबेतोचे गोल २९ वरून १६ वर आले. समोर बार्सिलोनाकडे त्याचाच ब्राझीलमधला जोडीदार रोमारिओ होता आणि त्यानं एकट्यानं ३० केले. प्रशिक्षक योहान क्रायफच्या त्या संघात स्टोइचकोव, लाउड्रुप, कुमान अशी माणसं होती. सामन्याला सरासरी दोनाहून जास्त गोल करायचे, एकाहून जास्त खायचे, आणि तरी पुढे राहायचं. फेब्रुवारीत सारागोसानं त्यांना ६-३ असं हाणलं होतं. असा मार देपोरनं त्या हंगामात कधीच खाल्ला नाही. पण त्या पराभवानंतर बार्सिलोना खडबडून जागं झालं आणि एकामागून एक सामने जिंकत सुटलं. देपोर मात्र सावधपणे, एकेक पायरी चाचपत चालत होतं.

बेरीज करून बघितली तर

इथे थोडं थांबून वही-पेन घ्यावं लागेल, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा बेरजेत आहे.

त्या काळी स्पेनमध्ये विजयाला दोन गुण मिळायचे आणि बरोबरीला एक. म्हणजे बरोबरी म्हणजे अर्धा विजय. या नियमाखाली अर्सेनियोंची पद्धत पूर्णपणे शहाणपणाची होती. परक्या मैदानावर ०-० करून आलात तर अर्धं काम झालं. घरच्या मैदानावर जिंकलात तर उरलेलं. लहान क्लबला मोठ्या क्लबशी वर्षभर बरोबरी करायची तर याहून बरा मार्ग मला तरी दिसत नाही.

पण बारा बरोबऱ्या म्हणजे बारा गुण हातचे गेले. त्यातली कुठलीही एक, मग ती सप्टेंबरातली असो की एप्रिलमधली, विजयात बदलली असती तर देपोर ५७ वर गेलं असतं आणि शेवटच्या रात्रीची पेनल्टी कुणाला आठवलीही नसती. त्या एकेका सामन्यात कुणाची तरी एक संधी हुकली असणार, कुणाचा तरी फटका खांबावर गेला असणार, कुणीतरी पाच मिनिटं आधीच मागे सरकून बसला असणार. त्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत.

स्पेननं १९९५-९६ पासून विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली. तो नियम दोन वर्षं आधी लावून बघू. बार्सिलोना: २५ गुणिले ३, अधिक ६, म्हणजे ८१. देपोर: २२ गुणिले ३, अधिक १२, म्हणजे ७८. आता जुकिचची पेनल्टी जाळ्यात गेली असं धरा. देपोरचे विजय २३, बरोबऱ्या ११. ६९ अधिक ११ म्हणजे ८०. बार्सिलोना तरीही एका गुणानं पुढे.

हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी बेरीज दोनदा तपासली. नियम वेगळा असता तर दोन्ही संघ वेगळे खेळले असते, हे मला मान्य आहे. त्यामुळे यावरून काही सिद्ध होतं असा दावा मी करणार नाही. पण एक गोष्ट यातून स्पष्ट दिसते. देपोरचा तो हंगाम दोन गुणांच्या नियमाच्या अगदी काठावर तोलून उभा होता. जो संघ वर्षभर सगळं राखून, जपून, मोजून खेळला, त्याच्याकडे शेवटच्या दिवशी सांडायला थेंबभरही जास्तीचं उरलं नव्हतं.

आणि तो कँप नोऊवरचा ०-३? तो ०-१ झाला असता तरी फायदा नव्हता. मग आपापसातला हिशेब बरोबरीत सुटून एकूण गोलफरक पाहिला गेला असता, आणि तिथे बार्सिलोना अधिक ४७, देपोर अधिक ३८. गुण सारखे ठेवून देपोरला विजेतं होण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. एक गुण जास्त हवा होता.

१४ मे, शनिवार

शेवटच्या फेरीआधी देपोरचे ५५, बार्सिलोनाचे ५४. देपोर घरी, व्हॅलेन्सियाविरुद्ध. बार्सिलोना घरी, सेविलाविरुद्ध. व्हॅलेन्सियाला विजेतेपदाशी काही देणंघेणं नव्हतं. देपोर जिंकलं तर कुणाकडे बघायचं कारण नाही.

शहर आठवडाभर आधीपासून सजलं होतं. अर्सेनियो मात्र या उत्साहाला घाबरत होते. मेजवानीपासून जपून राहा, ती तोंडासमोरून हिसकावून नेतात, अशा अर्थाचं त्यांचं एक बोलणं गॅलिसियात म्हणीसारखं झालं आहे. खेड्यातल्या माणसाचं शहाणपण होतं ते. पीक खळ्यावर येईपर्यंत आपलं म्हणायचं नाही.

आणखी एक संदर्भ लक्षात घ्यायला हवा. आधीच्या दोन्ही वर्षी बार्सिलोना शेवटच्या दिवशी एका गुणानं मागेच होतं. दोन्ही वर्षी रेआल माद्रिद तेनेरिफेच्या बेटावर जाऊन शेवटचा सामना हरलं आणि विजेतेपद बार्सिलोनाच्या झोळीत पडलं. म्हणजे शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या निकालाकडे कान लावून स्वतःचं काम उरकायची सवय क्रायफच्या संघाला झाली होती. देपोरच्या बहुतेकांसाठी असली रात्र पहिलीच.

मध्यंतराला कोरुन्यात ०-०. कँप नोऊवर सेविला २-१ नं पुढे. त्या क्षणी देपोर विजेतं होतं आणि त्यांना गोल करायचीसुद्धा गरज नव्हती. मला वाटतं, सगळ्यात अवघड क्षण तोच असावा. पुढे जायचं की आहे ते धरून ठेवायचं? वर्षभर धरून ठेवायला शिकलेला संघ अशा वेळी काय करणार, हे सांगायला नको. दुसऱ्या अर्ध्यात बार्सिलोनानं एकामागून एक गोल करत ५-२ केलं. आता देपोरला जिंकावंच लागणार होतं, आणि घड्याळ पुढे सरकलं होतं. कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेल्या हजारो लोकांना एका शहरातून दुसऱ्या शहरातला निकाल कळत होता. मैदानावरच्या अकरा जणांना तो गर्दीच्या आवाजावरून कळत असणार.

सामना संपत आला असताना नान्दो चेंडू घेऊन पेनल्टीच्या चौकोनात शिरला आणि सेरेरनं त्याला पाडलं. पंच लोपेस निएतो यांनी शिट्टी वाजवून ठिपक्याकडे बोट दाखवलं.

चेंडू कुणी घ्यायचा

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हे पुढचं अर्धं-पाऊण मिनिट आहे.

देपोरची पेनल्टी मारायचा नेहमीचा माणूस दोनातो. तो बाकावर होता. त्याला त्याच सामन्यात आधी बदललं होतं. त्याच्यानंतर साहजिकच सगळ्यांची नजर बेबेतोकडे. संघातला सर्वांत मोठा खेळाडू, ब्राझीलचा आघाडीवीर. पण त्या हंगामात बेबेतोच्या पेनल्ट्या हुकल्या होत्या आणि त्याचा विश्वास उडाला होता. तो पुढे आला नाही. मग चेंडू जुकिचनं घेतला.

प्रशिक्षक जेव्हा बदली खेळाडू पाठवतो, तेव्हा तो फक्त एका माणसाच्या जागी दुसरा माणूस पाठवत नसतो. बाहेर जाणाऱ्याकडे जी जी कामं असतात ती सगळी कुणाकडे तरी सोपवावी लागतात: कॉर्नरला कोण कुणाला धरणार, फ्री किक कोण घेणार, पेनल्टी कोण मारणार. त्या रात्री दोनातो बाहेर आला तेव्हा बचाव आणि हल्ल्याचा विचार नक्कीच झाला असणार. पेनल्टीचं काम मात्र, मैदानावर जे दिसलं त्यावरून, कुणाच्याच हाती ठामपणे आलेलं नव्हतं. अर्सेनियोंसारख्या शिस्तीच्या माणसाच्या संघात हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं. ज्या संघाला समोरच्याचा प्रत्येक हल्ला कुठून येणार ते आधी ठाऊक असायचं, त्याच्याकडे स्वतःला मिळालेल्या सर्वांत मोठ्या संधीसाठी दुसरं नाव तयार नव्हतं.

बेबेतोला दोष द्यावा का? कोरुन्यात अनेकांनी दिला. मी देणार नाही, पण जुकिचला मात्र त्याच्याहून वेगळ्या तराजूत तोलीन. ज्याला आपला हात थरथरतोय हे ठाऊक आहे त्यानं सुरी दुसऱ्याकडे द्यावी, हे एका अर्थी प्रामाणिकपणाचं आहे. पण मग ती सुरी जो घेतो त्याचं मोल मोठं. जुकिच २८ वर्षांचा होता, सर्बियाच्या शाबात्सचा. क्लब दुसऱ्या विभागात होता तेव्हापासून तो इथे होता. बेबेतो, मौरो सिल्वा, दोनातो सगळे नंतर आलेले. तो मुळात बचावपटू. त्याचं काम गोल वाचवण्याचं. त्या वर्षीच्या अवघ्या १८ गोलांत त्याचा वाटा किती मोठा असेल याचा विचार करा. इतरांनी नजर चुकवली तेव्हा हा माणूस पुढे झाला.

त्या क्षणाचं चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. जुकिच चेंडू ठेवून मागे येतो. हात कमरेवर. गाल फुगवून तो मोठा श्वास सोडतो, इतका मोठा की टीव्हीवरसुद्धा दिसावा. त्याच्या चेहऱ्यावर भीती आहे असं म्हणणं मला पटत नाही. ओझं उचललेल्या हमालाचा चेहरा आहे तो. मग थोडं धावून त्यानं उजव्या पायानं मारलेला फटका; जमिनीलगत, पुरेसा जोर नसलेला. व्हॅलेन्सियाचा गोलरक्षक गोन्सालेस योग्य बाजूला झेपावला आणि त्यानं चेंडू रोखला. उठून त्यानं मुठी आवळून जल्लोष केला.

त्या मुठींबद्दल कोरुन्यात पुढे बरीच वर्षं राग होता. ज्याला काही मिळवायचं नव्हतं त्यानं एवढा आनंद का करावा, असा सवाल. माणूस दुखावला की असे सवाल सुचतात, ते मी समजू शकतो. पण गोलरक्षकानं पेनल्टी अडवली आणि तो खूश झाला, यात मला वावगं काही दिसत नाही. त्यानं त्याचं काम चोख केलं.

थोड्या वेळात शिट्टी झाली. ०-०. हंगामातली बारावी बरोबरी.

त्यानंतर

चारच दिवसांनी बार्सिलोना अथेन्समध्ये मिलानकडून युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात ०-४ असं हरलं. क्रायफच्या त्या संघाचं ते सलग चौथं आणि शेवटचं लीग विजेतेपद ठरलं. दोन महिन्यांनी अमेरिकेतल्या विश्वचषकात बेबेतो आणि मौरो सिल्वा ब्राझीलकडून विजेते झाले. नेदरलँड्सविरुद्ध गोल केल्यावर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला जोजवल्यासारखे हात हलवणारा बेबेतो आपल्याकडेही ज्यांनी रात्री जागून पाहिला, त्यांना तो अजून आठवतो. तोच हा बेबेतो, मे महिन्यातल्या त्या रात्री ठिपक्यापासून दूर राहिलेला.

अर्सेनियो आणखी एक वर्ष थांबले. १९९४-९५ मध्ये देपोर पुन्हा दुसरं. पण त्याच उन्हाळ्यात माद्रिदच्या बेर्नाबेऊवर राजाच्या चषकाचा अंतिम सामना आला, आणि समोर पुन्हा व्हॅलेन्सिया. २४ जून १९९५ ला १-१ असताना असा काही पाऊस आणि गारा कोसळल्या की पंचांना खेळ थांबवावा लागला. उरलेली मिनिटं तीन दिवसांनी खेळवली. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात आल्फ्रेदोनं डोक्यानं गोल मारला. २-१. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. अर्सेनियोंनी तो हातात घेतला आणि क्लब सोडला. मे २०२३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते गेले.

लीगसाठी २००० साल उजाडलं. प्रशिक्षक खाविएर इरुरेता. १९९४ च्या रात्रीचे तिघे अजून संघात होते: फ्रान, मौरो सिल्वा आणि ३७ वर्षांचा दोनातो. पुन्हा मे महिना, पुन्हा रियाझोर, पुन्हा शेवटचा दिवस. १९ मे, एस्पान्योलविरुद्ध. तिसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर दोनातोनं डोक्यानं गोल केला. सहा वर्षांपूर्वी ज्याला बाकावर बसून ती पेनल्टी बघावी लागली होती, तोच हा. नंतर रॉय माकायनं दुसरा मारला आणि २-० नं सामना संपला. देपोर पहिल्यांदा, आणि आजवर एकदाच, स्पेनचं विजेतं झालं.

त्या विजेत्या संघाची ओळही वाचण्यासारखी आहे: २१ विजय, ६ बरोबऱ्या, ११ पराभव, ४४ गोल खाल्ले, ६९ गुण. अकरा पराभव! १९९४ च्या संघानं चारच पराभव पत्करले होते. सुपरदेपोरहून हा संघ बचावात कितीतरी ढिला, पण तो जिंकायला जायचा. बरोबऱ्या निम्म्यावर आल्या. मला व्यक्तिशः अर्सेनियोंचा संघच जास्त आवडतो, पण तीन गुणांच्या जमान्यात विजेतेपद इरुरेतांच्या पद्धतीनं यायचं होतं.

जुकिच त्या रात्री रियाझोरवर नव्हता. १९९७ मध्ये त्यानं कोरुन्या सोडलं होतं, आणि तो गेला तो व्हॅलेन्सियाकडे, ज्यांच्या गोलरक्षकानं त्याची पेनल्टी अडवली होती त्यांच्याकडे. देपोर विजेतं झालं त्यानंतर पाच दिवसांनी तो पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला आणि रेआल माद्रिदकडून ०-३ नं हरला. पुढच्या वर्षी मिलानमध्ये पुन्हा अंतिम सामना, बायर्न म्युनिकशी. तो पेनल्ट्यांवर गेला. व्हॅलेन्सियाकडून सात जणांनी मारल्या. जुकिच मैदानावर होता, त्या सातांत त्याचं नाव नव्हतं. व्हॅलेन्सिया हरलं.

२००१-०२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, मिरोस्लाव जुकिच अखेर स्पॅनिश लीगचा विजेता झाला. व्हॅलेन्सियाचे ७५ गुण होते. दुसऱ्या क्रमांकावर, ६८ गुणांसह, देपोर्तिवो ला कोरुन्या.